शिल्लकेची स्वच्छता

घरात ससा आला की बघायला येणारा प्रत्येक माणूस एकच प्रश्न विचारतो, "याला आंघोळ कधी घालता?" आमच्या पाटणला कोयनेला केरा येऊन मिळते. दोन-दोन नद्यांच्या गावात पाणी ओतल्याशिवाय काही स्वच्छ होतं, हे कुणाला पटणार?

सशाला आंघोळ घालायची नसते. भिजला की तो गारठतो, घाबरतो आणि नुसत्या धसक्यानेही जाऊ शकतो. बाकी तो स्वतःला दिवसभर चाटून-पुसून इतका लख्ख ठेवतो की आमच्या बँकेतल्या निम्म्या स्टाफने त्याच्याकडे शिकवणी लावावी. कन्येने त्याचं नाव 'मोती' ठेवलं. मी त्याला 'शिल्लक' म्हणतो, कारण महिनाअखेरीला आमच्या घरात दिसते ती तेवढीच.

आईचा आक्षेप निराळा होता. पहाटे पूजेची फुलं काढायला उठली आणि तिथूनच ओरडली, "अरे, हा स्वतःचीच लेंडी खातोय रे!"

खरं होतं. ससा दोन प्रकारच्या लेंड्या टाकतो. एक कोरडी, वाटाण्याएवढी. दुसरी मऊ, द्राक्षांच्या बारक्या घोसासारखी. ती तो खाली पडूच देत नाही, कारण गवतातलं सगळं सत्त्व एका फेरीत अंगी लागत नाही. मी पडलो कॉमर्सचा पदवीधर. म्हणालो, "आई, ही रिव्हर्स एन्ट्री आहे. खर्ची पडलेलं पुन्हा जमेला घेतोय."

"तुमच्या ब्यांकेत काय चालतं ते चालू दे. माझ्या सोवळ्यात नको."

लघवीचं मात्र त्याचं वागणं चोख. एक कोपरा ठरला की ठरला. तिथे ट्रेमध्ये रद्दी आणि वर वाळलं गवत घालायचं. ते रोज बदललं नाही तर असा उग्र दर्प सुटतो की पाहुणे चहा न घेता उठतात. (हा फायदा सौ.ने हेरून ठेवला आहे.) ट्रेला चुन्यासारखा पांढरा थर धरतो, तो व्हिनेगरने निघतो.

खरी परीक्षा पावसाळ्यात. आल्यागेल्याने कौतुकाने बिस्किटं चारली, शिल्लकेचं पोट बिघडलं आणि मागचे केस बरबटले. असल्या ओल्या, घाण केसांत माशी अंडी घालते. दिवसभरात अळ्या होतात आणि जिवंत सशाचं मांस खाऊ लागतात. मग दोन दिवसांत खेळ खलास. श्रावणातल्या एका संध्याकाळी कन्येला त्या केसांत पांढरे बारीक कण दिसले. भर पावसात टोपली छत्रीखाली धरून आम्ही जनावरांच्या दवाखान्यात गेलो. पुढे दोन म्हशी, मागे एक शेळी, मध्ये आम्ही. डॉक्टरांनी केस कातरले, एकेक अंडं काढलं, जागा पुसून कोरडी केली आणि म्हणाले, "थोडक्यात वाचला. नुसतं गवत द्या. आणि रोज बघत जा."

त्या रात्री कन्या जेवली नाही. शिल्लकही जेवली नाही. पहाटे मात्र आईनेच सगळ्यांना हाका मारून उठवलं, "अरे उठा, त्यानं लेंडी खाल्ली!" एवढ्या आनंदाने तिने माझा बी. कॉम.चा निकालही कुणाला सांगितला नव्हता.

तेव्हापासून बिस्किटं बंद. आता आमच्याकडे तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लागतो आणि आईची आज्ञा सुटते, "शुभंकरोती मागाहून. आधी त्याचं बूड बघा."