सह्याद्रीची चूल

पहाटे साडेचारला बूर-मुरा गावातून गाडी निघाली तेव्हा जुन्नरला पौषात पडते तशी थंडी होती. रियुनियन हे हिंदी महासागरातलं, मादागास्करच्या पूर्वेचं फ्रान्सचं बेट. मॉरिशसहून विमानाने जेमतेम पाऊण तास. लोक इथे समुद्रासाठी येतात. ताई आणि मी आलो होतो सह्याद्रीसाठी.

साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपला भूपट्ट सरकत सरकत एका तप्तबिंदूवर आला, जमीन फाटली, आणि थरावर थर पसरलेल्या लाव्हातून दख्खनचं पठार उभं राहिलं. पुढे भारत उत्तरेला गेला. चूल, म्हणजे तो तप्तबिंदू, मात्र बहुतेक तिथेच राहिली. वरून पट्ट सरकत गेला तशी तिने लक्षद्वीप, मालदीव, मॉरिशस अशी बेटांची माळ मागे ठेवली, आणि आज ती रियुनियनखाली पेटलेली आहे. बहुतेक भूशास्त्रज्ञ आज हेच मानतात. मुंबईपासून साडेचार हजारांहून अधिक किलोमीटरवर आपल्या डोंगराचं माहेर आहे, हे वाचलं त्या दिवसापासून मला चैन नव्हतं.

तांबूस-काळ्या रेवेचं उजाड पठार ओलांडून आम्ही पा द बेलकोंबला पोचलो. उंची 2,311 मीटर. समोर कडा सरळ तुटलेला, खाली काळ्या दगडाचं प्रचंड अंगण, आणि मधोमध पितों द ला फुर्नेझ, 2,632 मीटर. उजाडलं तशी ताई म्हणाली, "अगं, हा ज्वालामुखी? ही तर पालथी परात!"

तिने अगदी नेमकं पाहिलं होतं. शास्त्रात याला ढाल-ज्वालामुखी म्हणतात. आकार ठरतो शिलारसाच्या स्वभावावर. इथल्या बेसाल्टी रसात सिलिका वजनाने निम्म्याच्या आसपास असते, म्हणून साधारण 1,150 अंशांचा हा रस पातळ असतो. त्यातले वायू सहज निसटतात, रस लांबवर वाहतो आणि उतार सौम्य राहतो. सिलिका वाढली की रस घट्ट होतो, वायू कोंडतात आणि स्फोट होतो. राख आणि लाव्हा आलटून पालटून साचत जातात, आणि उभा, मिश्र शंकू तयार होतो. फ्रेंच ज्वालामुखीतज्ज्ञ या दोन प्रकारांना अनुक्रमे लाल आणि करडे ज्वालामुखी म्हणतात. मला हे फार आवडतं, कारण बघणाऱ्याला काय दिसणार आणि किती धोका आहे, हे त्यात एका शब्दात येतं. शाळेतली जागृत-निद्रिस्त-मृत ही वाटणी त्यापुढे तोकडी वाटते. ती फक्त झोपेचा हिशेब ठेवते, स्वभाव सांगत नाही.

शेकडो पायऱ्या उतरून अंगणात आलो. पहिलीच भेट फॉर्मिका लिओची, 1753 मध्ये उडालेल्या लाव्हाच्या तुकड्यांचा ढीग साचून झालेला बुटका लालसर शंकू. आणि आपलं दख्खन? त्याला शंकूही नाही, ढालही नाही. तिथे लांबच लांब भेगांतून रस आला आणि सपाट पसरला. म्हणून तर आपल्या डोंगरांना पायऱ्या आहेत.

पांढऱ्या खुणांमागून चालताना ताईने विचारलं, "खाली सगळा रसच असतो का गं?" नसतो. भूकवचाखालचं प्रावरण हा घन खडकच असतो. कुकरमधलं पाणी शंभर अंशांपुढे गेलं तरी दाबामुळे उकळत नाही, दाब सुटला की भसकन वाफ होते. इथेही तसंच: खोलातला तापलेला खडक वर चढतो तसा दाब घटतो आणि त्याचा थोडा भाग वितळतो. समुद्राच्या तळाशी जिथे पट्ट एकमेकांपासून दूर जातात तिथेही हेच घडतं. जपान, इंडोनेशियाकडे मात्र एक पट्ट दुसऱ्याखाली शिरतो आणि त्याच्यासोबत गेलेलं पाणी खडकाचा वितळणबिंदू उतरवतं, जसं आईस्क्रीमच्या पॉटात मीठ बर्फ वितळवतं.

दुपारी समुद्राकडे उतरलो. पितों सेंत-रोझला 1977 च्या एप्रिलमध्ये लाव्हा गावात शिरला. चर्चच्या दारातून थोडा आत आला, दोन्ही अंगांनी वेढा घातला आणि थांबला. गाव आधीच रिकामं केलं होतं, माणूस दगावला नाही. त्यानंतरच बेटावर ज्वालामुखीची वेधशाळा उभी राहिली. चर्चच्या भिंतीला टेकलेला तो काळा लोट मी हाताने चाचपत किती वेळ उभी होते.

पुढे दक्षिणेला 2007 चा प्रवाह. त्या एप्रिलमध्ये शिखरावरच्या विवराचा तळ 300 मीटरहून जास्त खचला, आणि खालून फुटलेल्या लाव्हाने हमरस्ता गिळून समुद्र गाठला. त्यावर आता राखाडी दगडफूल पसरलंय, भेगांत नेचे उगवलेत. ताईने एक दगड उचलला. वायू निसटलेल्या जागी भोकंच भोकं.

"आईच्या पाट्याला टाकी लावायला माणूस यायचा, आठवतंय? म्हणायचा, हा दगड भोकाचा आहे, जपून मारावी लागते."

राष्ट्रीय उद्यानातला दगड न्यायचा नसतो. तिने तो जिथून उचलला होता तिथेच, त्याच कुशीवर ठेवला.