लोणंद ते मिरज : प्रत्येक स्थानकावर एकदा

व्यापारी कुटुंबात वाढलेल्या माणसाला गावाचे नाव ऐकले की प्रथम तेथील माल आठवतो. लोणंद म्हटले की कांदा, कोरेगाव म्हटले की वाघ्या घेवडा, सांगली म्हटले की हळद. ही तिन्ही गावे एकाच लोहमार्गावर आहेत. सदर्न मराठा रेल्वे कंपनीने पुण्याहून मिरजेकडे जाणारा हा मीटरगेज मार्ग १८९० च्या सुमारास पूर्ण केला आणि १९७१ साली तो ब्रॉडगेज झाला. लोणंदपासून मिरजेपर्यंत, सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत मिळून, त्यावर सुमारे दोन डझन स्थानके आहेत. यांपैकी प्रत्येक स्थानकावर रेल्वेनेच जायचे आणि तेथे उतरायचे, असा संकल्प सांगलीच्या गणपती पेठेतील एका घाऊक किराणा पेढीच्या आजोबांनी वयाच्या बहात्तराव्या वर्षी केला. नुकत्याच बी.कॉम. झालेल्या नातवाला बरोबर घेऊन त्यांनी तो पारही पाडला.

अशी हौस जगात नवी नाही. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समधील सर्व २५६३ स्थानकांना एका जोडीने २०१७ साली भेट दिली होती. वेल्सच्या वायव्येस अँगलसी नावाचे बेट आहे. त्यावर अवघी सहा स्थानके आहेत आणि त्यांतील काही ठिकाणी फलाटावरील माणसाने हात दाखवला तरच गाडी थांबते. नातवाने हे मोबाइलवर वाचून आजोबांना सांगितले, तेव्हा ते म्हणाले, “हात दाखवणारा माणूस आहे तोवर ते स्थानक आहे. आपल्याकडेही तसेच समज.”

परंतु आजोबांच्या संकल्पामागे केवळ हौस नव्हती. घरात एक प्रश्न उभा राहिला होता.

त्यांच्या वडिलांनी ही पेढी सुरू केली, तेव्हा सांगलीचा माल रेल्वेने गावोगाव जात असे. पोती स्थानकावर चढवायची, रेल्वेची पावती, म्हणजेच ‘आर.आर.’, हुंडीसोबत बँकेत द्यायची. समोरच्या गावातील दुकानदाराने बँकेत रक्कम भरली की पावती त्याच्या हाती पडे आणि ती दाखवून तो स्थानकावरून माल सोडवून नेई. रेल्वे, बँक आणि व्यापारी या तिघांच्या विश्वासावर तो व्यवहार चाले. ज्या लहान दुकानदारांच्या गावी बँक नव्हती, त्यांच्याशी उधारीचा व्यवहार असे. म्हणून पेढीच्या जुन्या खतावणीत खाती आडनावांप्रमाणे लावलेली नव्हती; ती स्थानकांप्रमाणे होती. नांद्रे, भिलवडी, आमणापूर, ताकारी अशा क्रमाने पाने उलटत जावीत आणि प्रत्येक पानावर त्या स्थानकाभोवतीच्या दुकानदारांची नावे यावीत, अशी ती मांडणी होती.

पुढे माल ट्रकने जाऊ लागला, तरी खाती राहिली. आता पेढीचा कारभार पाहणाऱ्या मुलाने हिशेब मांडला. या मार्गावरील लहान दुकानदारांची पन्नासेक खाती उरली होती. एका खेपेस माल थोडा, वाहतूक महाग, वसुलीला विलंब. शहरातील मोठी दुकाने आणि उपाहारगृहे यांच्याकडून तेवढाच नफा कमी श्रमात मिळत होता. “अण्णा, दिवाळीपूर्वी ही खाती मिटवून टाकू,” असे मुलाने सुचवले. त्याच्या आकड्यांत खोट काढण्यासारखे काही नव्हते. आजोबांनी वाद घातला नाही. “तीन महिने दे. खाते मिटवायचे ते त्या माणसाच्या दारात जाऊन आल्यावर,” एवढेच ते म्हणाले. नातू पुढे पेढीवर बसणार होता, म्हणून त्याला बरोबर घेण्याचे ठरले.

सर्व स्थानके रेल्वेने करणे वाटते तितके सोपे नाही. एक्स्प्रेस गाड्या मोठ्या स्थानकांवरच थांबतात. लहान स्थानकांसाठी पॅसेंजरवरच अवलंबून राहावे लागते आणि त्या दिवसभरात मोजक्याच. सकाळच्या गाडीने एका स्थानकावर उतरायचे, गावात जाऊन यायचे, उलट दिशेची गाडी मिळाली तर मागच्या स्थानकावर जायचे, न मिळाल्यास एस.टी.ने परतायचे. नातवाने वेळापत्रकाचा तक्ता केला. त्यात आजोबांची एक अट होती : सूर्यास्तापूर्वी भोजन झाले पाहिजे. त्यामुळे दशम्या, चटणी, खाकरे आणि उकळलेल्या पाण्याची बाटली ही शिदोरी तक्त्याइतकीच आवश्यक ठरली.

आरंभ मिरजेपासून झाला. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी १९२७ साली मिरजेपर्यंत आली, आणि १९७१ नंतर काही वर्षे मीटरगेज, नॅरोगेज व ब्रॉडगेज असे तीनही मार्ग या एका जंक्शनात नांदत होते. नव्या पिढीला मिरज आठवते ती २०१६ च्या दुष्काळामुळे. त्या एप्रिलमध्ये येथूनच पाण्याची गाडी लातूरला गेली. पहिल्या गाडीस दहा वाघिणी होत्या आणि त्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. पुढचे स्थानक विश्रामबाग. जवळच वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. ज्यांचे नाव त्याला दिले आहे, ते सोलापूरचे वालचंद हिराचंद घरची पेढी सोडून लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत रेल्वेच्या बांधकामाचे ठेके घेऊ लागले आणि तेथून जहाज व विमान उद्योगापर्यंत पोहोचले, ही गोष्ट आजोबांनी नातवाला फलाटावरच सांगितली.

सांगली आणि माधवनगर मागे टाकल्यावर कृष्णाकाठची स्थानके लागतात. भिलवडीच्या बाजारपेठेतील एका दुकानाच्या भिंतीवर २०१९ च्या महापुराची रेघ अजून दिसत होती. ती नातवाच्या डोक्याहून उंच होती. त्या पुरात या दुकानदाराचा सारा माल गेला, उधारीची वहीसुद्धा भिजून लगदा झाली. कोणाकडून किती येणे आहे हे त्याला दाखवता येत नव्हते; पेढीचे देणे मात्र पेढीच्या वहीत स्वच्छ लिहिलेले होते. त्याने मुदत मागितली आणि दीड वर्षात पै न् पै फेडली. मुलाच्या तक्त्यात हेच खाते ‘विलंबाने वसुली’ या सदरात होते. नातवाने तेथेच उभे राहून त्या नोंदीपुढे पुराची तारीख लिहिली.

किर्लोस्करवाडी हे स्थानक पूर्वी कुंडल रोड म्हणून ओळखले जाई. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंधच्या राजेसाहेबांनी दिलेल्या माळरानावर कारखाना उभारला आणि गावाबरोबर स्थानकाचे नावही बदलले. कुंडल म्हणजे झरी पार्श्वनाथांचे क्षेत्र. आजोबांनी तेथे दर्शन घेतले. याच कुंडलच्या मातीत प्रतिसरकारची तुफान सेना घडली. त्या सैनिकांनी ७ जून १९४३ रोजी शेणोली येथे पुणे-मिरज गाडी अडवून सरकारी पगाराची रक्कम ताब्यात घेतली. शेणोलीला उतरल्यावर आजोबा आणि नातू त्या प्रसंगाच्या स्मारकापाशी काही वेळ थांबले.

कराडचे स्थानक शहरापासून दूर, ओगलेवाडीला आहे. ओगल्यांचा ‘प्रभाकर’ कंदील एके काळी महाराष्ट्रातील घराघरांत होता. ओगलेवाडी, किर्लोस्करवाडी आणि साताऱ्याजवळ सातारा रोड येथील कूपर कारखाना अशा तीन उद्योगांनी या मार्गाचा आधार घेतला, आणि या तिन्ही उद्योगांसाठी एकाच माणसाने काम केले. ते म्हणजे कुंभोजच्या जैन कुटुंबात जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील. कारखान्यांचा माल विकण्यासाठी खेड्यापाड्यांत हिंडताना तेथील मुलांचे शिक्षणावाचून कसे अडते हे त्यांनी पाहिले. १९१९ साली कराडजवळच्या काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्यास आणली. “विक्रीसाठी गावात जाणारा माणूस केवळ माल विकून परत आला असता तर?” असे आजोबांनी विचारले आणि उत्तराची वाट न पाहता ते चालू लागले.

शिरवडे, मसूर आणि तारगाव या तीन स्थानकांना चार फेऱ्या लागल्या. येथील काही खाती खरोखरच संपलेली होती. एका दुकानाला कुलूप होते. मुले पुण्यात स्थायिक झाली होती. दुसऱ्या दुकानदाराने मोकळेपणाने सांगितले, “आजोबा, कराडचा पुरवठादार मोबाइलवर मागणी घेतो आणि दुसऱ्या दिवशी माल दारात आणून देतो. तुमचा माल चांगला, पण आठवडा कोण थांबणार?” आजोबांनी त्याचे खाते तेथेच मिटवले, आणि निघताना त्याच्या नातवंडांच्या हातावर खाऊ ठेवला. व्यवहार संपला तरी ओळख संपू नये, ही त्यांच्या वडिलांची रीत होती.

साताऱ्याचे स्थानक आज माहुलीच्या बाजूस आहे. मीटरगेजच्या काळात साताऱ्याचे प्रवासी सातारा रोडला उतरत. ब्रॉडगेज करताना मार्ग बदलला. गाव मागे राहिले आणि नावातला ‘रोड’ तेवढा उरला. पुढे जरंडेश्वर, पळशी, वाठार. महाबळेश्वरला जाणारे प्रवासी पूर्वी वाठारला उतरून वाईमार्गे घाट चढत. आदर्की आणि सालपे यांच्या परिसरात मात्र रेल्वेलाच घाट उतरावा लागतो. डोंगराच्या कडेने वळणे घेत गाडी खाली येते, आणि एवढ्या वळणांतून मोकळ्या माळाशिवाय काही दिसत नाही.

जरंडेश्वर आणि पळशी यांसारख्या स्थानकांविषयी नातवाला एक गोष्ट तेथेच उमगली. एकेरी मार्गावर समोरासमोरच्या गाड्यांना एकमेकींस वाट द्यावी लागते. त्यासाठी काही अंतरावर स्थानक हवेच, मग तेथे प्रवासी असोत वा नसोत. मार्ग दुहेरी झाला की ही गरज उरत नाही. त्यानंतर गाडी थांबायची असेल तर ती प्रवाशांसाठीच थांबेल. त्या दिवशी आदर्कीला परतीच्या गाडीस उशीर झाला. सूर्य डोंगराआड जाण्यापूर्वी आजोबांनी फलाटावरील बाकावर शिदोरी सोडली. डब्यातला अर्धा भाग त्यांनी गाडीची वाट पाहणाऱ्या एका शेतकरी दांपत्यास दिला. लोणंदच्या बाजारात कांद्याला काय भाव मिळाला, याची चौकशी अंधार पडेपर्यंत चालली होती.

लोणंद हे शेवटचे स्थानक. येथून फलटणला रेल्वे सुरू झाली आणि लोणंद जंक्शन झाले. म्हणजे काही ठिकाणी थांबे विरळ होत असताना काही गावांना रेल्वे नव्याने मिळतही आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि व्यापाऱ्याने दोन्ही नोंदवून ठेवाव्यात.

घरी परतल्यावर नातवाने वडिलांपुढे वही ठेवली. पन्नासेक खात्यांपैकी बारा मिटवली होती. प्रत्येकासमोर कारण लिहिलेले होते. उरलेल्यांपैकी बहुतेकांना पेढीचा माल हवा होता, पण थोड्या प्रमाणात आणि ठरलेल्या दिवशी. प्रत्येक दुकानाला स्वतंत्र गाडी पाठवल्याने खर्च वाढत होता. त्याऐवजी दर पंधरवड्यास एकच टेंपो स्थानकांच्या क्रमाने मिरजेहून लोणंदपर्यंत न्यावा, माल उतरवताच मोबाइलवरून रक्कम घ्यावी, आणि उधारी ज्यांनी अडचणीतही फेडली त्यांनाच द्यावी, असे त्याने सुचवले. वडिलांनी आकडे दोनदा तपासले. “एक वर्ष करून पाहू. तोटा दिसला तर पुन्हा हिशेबाला बसू,” असे ते म्हणाले. आजोबांनीही याहून अधिक काही मागितले नाही.

खात्यातील शिल्लक पाहून माणसाची पत कळते, असे आपण मानतो. ते खरेही आहे. परंतु ती शिल्लक कोणत्या परिस्थितीत राहिली हे कळण्यासाठी त्याच्या गावाला जावे लागते. वेगवान गाडीतून जाणाऱ्याला भिलवडी हे खिडकीतून दिसणारे एक नाव असते. तेथे उतरलेल्या माणसाला भिंतीवरची पुराची रेघ दिसते. आपल्या पूर्वजांनी या भागात व्यापार वाढवला तो खांद्यावर गाठोडे घेऊन, अशाच लहान स्थानकांवर उतरून. आता गाठोड्याची गरज उरलेली नाही. उतरण्याची मात्र आहे.

या दिवाळीत पेढीवर वहीपूजन झाले, तेव्हा नवी खतावणी नातवाच्या हातची होती. संगणकावर सर्व खाती आहेतच. तरी त्याने ती लिहून काढली, आणि आडनावांऐवजी स्थानकांच्या क्रमाने लावली.