जादाची वायर

आमच्या येझदीच्या हेडलाइटच्या डोममध्ये तेवीस वायरी होत्या. सगळा गुंता बाहेर काढून एकेक टोक मोजलं तेव्हा कळलं. त्यातल्या सात कुठेच जात नव्हत्या. टोकाला टेप गुंडाळून आत कोंबलेल्या. चार एकाच लाल रंगाच्या, घरातल्या फिटिंगला वापरतात तसल्या. आणि एक जाड काळी वायर बॅटरीपासून निघून, टाकीखालून थेट हेडलाइटच्या बल्बपर्यंत आलेली. कंपनीच्या आकृतीत ती नाहीच. तिचा स्विच सीटखाली होता, आणि तो गाडीचा स्विचही नव्हता. पलंगाशेजारी लोंबकळतो ना, तो बेडस्विच होता.

ही सगळी कारागिरी आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची. आप्पा वीज मंडळात लाइनमन होते, नोकरीची बरीच वर्षं पाटण तालुक्यात गेली. गाडी १९७४ची, येझदी २५०. त्यांनी ती १९८९मध्ये कराडात सेकंडहँड घेतली. पावसाळ्यात रात्री कुठल्यातरी वाडीची लाइट जायची, निरोप यायचा, आणि आप्पा रेनकोट चढवून निघायचे. एकदा कोयनेच्या बाजूला भर पावसात हेडलाइट गेला. त्यांनी बॅटरीवरून थेट वायर ओढली आणि घरी आले. ती तात्पुरती वायर पुढे पस्तीस वर्षं तिथेच राहिली. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. 'तात्पुरतं' या शब्दाचं आयुष्य किती असतं हे मला वेगळं सांगायला नको.

येझदीबद्दल थोडं. जावा ही मूळची प्रागची कंपनी, १९२९ची. यानेचेक आणि वांडरर या दोन नावांची पहिली अक्षरं जोडून ते नाव झालं. म्हैसूरच्या आयडियल जावाने साठच्या दशकात या गाड्या भारतात बनवायला घेतल्या. १९७३पासून टाकीवर येझदी हे नाव आलं आणि १९९६मध्ये कारखाना बंद पडला. टू-स्ट्रोक इंजिन, दोन सायलेन्सर, आणि किक मारायला अन् गिअर टाकायला एकच दांडा. विजेचा कारभार सहा व्होल्टचा. इंजिनच्या उजव्या बाजूला डायनॅमो, तो बॅटरी चार्ज करणार, आणि बॅटरीवर बाकी सगळं चालणार.

गाडीला पन्नास वर्षं झाली तेव्हा दोन रस्ते समोर आले. २०२१मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपातली, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न केलेली गाडी असेल तर तिची 'व्हीए' मालिकेत नोंद होते. अशी गाडी रॅलीला, प्रदर्शनाला न्यायची, पेट्रोल भरायला किंवा दुरुस्तीला न्यायची. रोजच्या वापराला नाही. दुसरा रस्ता म्हणजे दर पाच वर्षांनी साधी नोंदणी नव्याने करून घ्यायची आणि गाडी चालवायची.

मला ती चालवायची होती. पुण्याहून शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर कराड, कधी पाटण, कधी कुंभार्ली घाट उतरून चिपळूण. आप्पा यावर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "चालव की. पण रात्री घाटात बंद पडली, तर काय झालंय ते तुझं तुला कळलं पायजे. मेकॅनिक बोलवीन म्हणशील तर नको."

त्यांचं म्हणणं गाडीबद्दल कमी आणि माझ्याबद्दल जास्त होतं, हे दोघांनाही कळत होतं. रात्री अकरा वाजता घाटाच्या वळणावर उभी असलेली एकटी मुलगी त्यांच्या डोळ्यांसमोर होती. त्यामुळे वायरिंग 'सोपं' करायचं म्हणजे काय, या प्रश्नाचं उत्तर शोधायला तेच चित्र पुरेसं होतं.

एरवी सोपं करणं म्हणजे कमी करणं असं आपण धरून चालतो. कमी वायरी, कमी पार्ट, कमी कोड. त्या हिशेबाने माझं काम एका खोक्यात झालं असतं. युरोपात जावासाठी तयार किट मिळतात: डायनॅमो, सीबी पॉइंट, कॉइल, रेग्युलेटर सगळं काढा, त्या जागी नवा जनरेटर आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवा, मोजक्या वायरी जोडा, संपलं. ही किट चांगली असतात, वर्षानुवर्षं त्रास देत नाहीत. पण दिला, तर सीलबंद डब्याकडे बघत बसायचं. कराडात तो डबा मिळणार नाही, चिपळुणात तर नाहीच.

आम्ही लोक ऑफिसात आळीपाळीने ऑन-कॉल असतो. रात्री तीनला फोन वाजला की सिस्टिममध्ये सर्व्हिस किती आहेत याने फरक पडत नाही. कुठली पडली ते किती मिनिटांत कळतं, याने पडतो. आप्पा आयुष्यभर ऑन-कॉलच होते, फक्त त्यांना खांबावर चढावं लागायचं. म्हणून मी दोनच कसोट्या ठरवल्या. एक, बिघाड टेस्ट लॅम्पने सापडला पाहिजे. टेस्ट लॅम्प म्हणजे दोन वायरी जोडलेला साधा बल्ब. कुठल्याही ऑटो इलेक्ट्रिशियनच्या खिशात असतो. दोन, जी गोष्ट उघडून दुरुस्त करता येत नाही, तिने निदान बंद पडण्याआधी सांगितलं पाहिजे.

काही तोडण्याआधी मापं घेतली. हेडलाइट चालू ठेवून मल्टिमीटर लावला. बॅटरीवर ६.१ व्होल्ट, बल्बवर ४.७. म्हणजे १.४ व्होल्ट वाटेत गळत होते. बल्बचं गणित क्रूर असतं: व्होल्टेज दहा टक्क्यांनी पडलं की प्रकाश साधारण तीस टक्क्यांनी पडतो. आमच्या बल्बचा उजेड निम्म्याहून कमी झाला होता. जुन्या गाड्यांचा लाइट म्हणजे मेणबत्ती, असं लोक म्हणतात. त्यातला मोठा दोष बल्बचा नसतो, वाटेचा असतो.

गळती तीन ठिकाणी निघाली. किल्लीच्या स्विचमध्ये अर्धा व्होल्ट, सांध्यांमध्ये मिळून ०.३. आणि उरलेले ०.६ अर्थमध्ये. हेडलाइटचा परतीचा करंट गाडीच्या लोखंडातून जात होता, आणि हँडल व चेसिस यांच्यामध्ये असतात हँडलच्या बेअरिंगच्या गोळ्या. ग्रीसने माखलेल्या. पन्नास वर्षं आमचा हेडलाइट त्या गोळ्यांमधून वाट काढत होता.

यावर उपाय म्हणजे डोमपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत एक स्वतंत्र अर्थ वायर. वायरिंग सोपं करायला बसले होते आणि पहिलं काम केलं ते वायर वाढवायचं. दुसरंही तसंच. मूळ गाडीत सगळ्याला मिळून एकच फ्यूज होता. मी दोन केले: इंजिनचा वेगळा, लाइट आणि हॉर्नचा वेगळा. टेललाइटची वायर कुठे घासून शॉर्ट झाली तर लाइट जातील, पण इंजिन चालू राहील. शिवाय कुठला फ्यूज उडाला यावरूनच निम्मा शोध संपतो.

मग सहा व्होल्टचे बारा केले. ३५ वॅटच्या बल्बला सहा व्होल्टवर जवळपास सहा अँपिअर लागतात, बारावर तीन. समजा एखाद्या गंजलेल्या सांध्याचा रेझिस्टन्स ०.१ ओहम आहे. सहा व्होल्टच्या गाडीत तो ०.६ व्होल्ट खातो, म्हणजे दहा टक्के. बाराच्या गाडीत ०.३, म्हणजे अडीच टक्के. सांधा तोच, गंज तोच, नुकसान चौथा हिस्सा. पण खरं कारण याहून साधं आहे. बारा व्होल्टचा बल्ब आणि बॅटरी कुठल्याही गावात मिळते. सहाची शोधत फिरावं लागतं.

डायनॅमो जुनाच ठेवला. त्याला बारा व्होल्टचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर लावला. बारा व्होल्ट गाठायला डायनॅमोला जास्त वेगाने फिरावं लागतं, त्यामुळे शहराच्या ट्रॅफिकमध्ये चार्जिंग उशिरा सुरू होतं. टेललाइट एलईडीचा करून थोडा भार कमी केला. रेग्युलेटर हा सीलबंद डबाच आहे, मान्य. इथे दुसरी कसोटी लागू होते. तो गेला तरी इंजिन लगेच बंद पडत नाही. इग्निशन बॅटरीवर चालतं, आणि नऊ अँपिअर-अवरची भरलेली बॅटरी हेडलाइटसकट तासभर तरी ओढते. घाट उतरायला तेवढा वेळ पुरतो.

आणि तो गेल्याचं सांगायला डोमवर एक लाल दिवा आहे. त्या दिव्याची जोडणी मला या गाडीतली सगळ्यात हुशार गोष्ट वाटते. एक टोक किल्लीमार्गे बॅटरीला, दुसरं डायनॅमोला. इंजिन बंद असताना बॅटरीचा करंट दिव्यातून डायनॅमोकडे वाहतो, दिवा पेटतो. डायनॅमोने बॅटरीइतकं व्होल्टेज गाठलं की दोन्ही टोकं सारखी होतात, वाहायला काही कारण उरत नाही, दिवा विझतो. सेन्सर नाही, चिप नाही. दोन बाजूंच्या भांडणात दिवा पेटतो आणि समेट झाला की विझतो. ही वायर काढायचा प्रश्नच नव्हता.

कॉइल बारा व्होल्टची घातली, पण सीबी पॉइंट आणि कंडेन्सर ठेवले. पॉइंट घासतात, काळे पडतात, त्यांची फट ०.४ मिलिमीटरवर आणून ठेवावी लागते. कटकट आहे. पण काळा पडलेला पॉइंट डोळ्यांना दिसतो, आणि पॉलिश पेपरच्या तुकड्याने साफ होतो.

सामान पुण्यात घेतलं. वायर नाना पेठेत मीटरवर, थिंबल आणि हीट-श्रिंकच्या नळ्या पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांतून. घरगुती लाल वायरी काढल्या. त्यांच्यात तारा कमी आणि जाड असतात. भिंतीत चालतात, कारण भिंत हलत नाही. टू-स्ट्रोकच्या थरथरीत त्या आतल्या आत तुटतात, वरचं आवरण मात्र शाबूत. गाडीच्या वायरीत बारीक तारा पुष्कळ असतात, त्या वाकतात, तुटत नाहीत. सांध्यांना सोल्डर न लावता थिंबल दाबून बसवले, कारण सोल्डर जिथे संपतो तिथेच वायर ताठ होऊन तुटते.

शेवटी डोममध्ये बारा वायरी राहिल्या. आणि आप्पांची काळी वायर हातात.

ती ठेवता येत नव्हती. बॅटरीवरून थेट, मध्ये फ्यूज नाही. कुठे सोलली तर टाकीखाली आग. मी हे सांगितलं तेव्हा आप्पा म्हणाले, "फ्यूज नाही म्हणूनच तर तवा घरी आलो." त्यांचंही खरं होतं. बाकी सगळं मेलं तरी चालेल अशी एक वाट त्यांना हवी होती. मी ती वायर गाडीतून काढली, दीड मीटरला कापली, मध्ये फ्यूज घातला, दोन्ही टोकांना क्रोकोडाइल क्लिप लावल्या, आणि टूलबॉक्समध्ये टेस्ट लॅम्पशेजारी गुंडाळून ठेवली. झाकणाच्या आतून वायरिंगची आकृती चिकटवली, मराठीत. बेडस्विच आप्पांनी धुऊन पुसून कपाटात ठेवला.

नेटफ्लिक्सने २०१२मध्ये 'केऑस मंकी' नावाचं सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी खुलं केलं. ते चालू सर्व्हर मधूनच मुद्दाम बंद पाडतं, म्हणजे सिस्टिम त्यातून सावरते का ते दिवसाढवळ्या कळावं. मी आप्पांना हे सांगितलं. त्यांना कल्पना फारच आवडली.

दोन दिवसांनी रात्री जेवण झाल्यावर म्हणाले, "चल, काढ गाडी." अंगणातला दिवा त्यांनी मालवला होता. किक मारली, इंजिन मेलेलं. लाल दिवा पेटत होता, हेडलाइट, हॉर्न ठीक; म्हणजे बॅटरी बरी, किल्ली बरी, अर्थ बरा. प्लग काढून बॉडीला टेकवून किक मारली, ठिणगी नाही. इंजिनचा फ्यूज शाबूत. कॉइलच्या एका टोकाला टेस्ट लॅम्प लावला, पेटला. पॉइंटकडच्या टोकाला लावून इंजिन हळूहळू फिरवलं. पॉइंट मिटले की तो विझायला हवा. विझेना. म्हणजे पॉइंट मिटतच नव्हते.

उजवं कव्हर काढलं. पॉइंटच्या फटीत एसटीच्या तिकिटाचा कपटा घडी घालून सरकवलेला होता.

आप्पांनी मोबाइलच्या उजेडात घड्याळ बघितलं. "चौदा मिनटं," म्हणाले. मग अंगणातला दिवा लावत, माझ्याकडे न बघता, "जा आता, कुठं जायाचं तिकडं."