कंसातले आजोबा

सर्वसामान्य मराठी कुटुंबातला एखादा पुरुष वारला की त्याच्या आयुष्याचा ऐवज दोन निरनिराळ्या ठिकाणी उरतो. पहिले ठिकाण सरकारी आणि धार्मिक दप्तरांचे, दुसरे घरच्यांच्या आठवणींचे. दप्तर त्या माणसाची दखल मोजक्याच प्रसंगी घेते: जमीन नावावर चढली, कर्ज काढले, शाळेत नाव घातले, तीर्थाला गेला, मेला. आठवण मात्र त्याच्या रागावर, जेवणातल्या आवडीनिवडीवर, सख्ख्या भावाशी धरलेल्या अबोल्यावर रेंगाळते आणि सालाच्या बाबतीत बेफिकीर असते. नातवंडांपैकी कोणी वंशावळ जुळवायला बसला की दप्तर तेवढे खरे मानून आठवण त्याच्या मापाने कापून घेण्याचा मोह त्याला हमखास होतो. हा मोह आवरण्यासारखा आहे, कारण दप्तर आणि आठवण जिथे एकमेकांशी जुळत नाहीत तिथेच आजोबा नावाचा माणूस सापडण्याची शक्यता सर्वांत जास्त असते.

शेतकरी कुटुंबाच्या बाबतीत शोधाची सुरुवात बहुधा सातबाऱ्यापासून होते. गाव नमुना सात म्हणजे मालकी व हक्कांची नोंद, गाव नमुना बारा म्हणजे पिकांची नोंद, आणि या दोहोंचा एकत्र उतारा म्हणजे सातबारा. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ साली झाला आणि हक्कात होणारा प्रत्येक बदल कारणासह लिहून ठेवण्याची रीत पडली. ही नोंद गाव नमुना सहामध्ये होते आणि तिला फेरफार म्हणतात. चरित्राच्या दृष्टीने सातबाऱ्यापेक्षा फेरफार अधिक बोलका असतो. खातेदार कधी मयत झाला, वारस कोण, त्यांची वये काय, वाटणी कशी झाली, हे त्यात दोन-चार ओळींत येते. नावापुढची त्रोटक अक्षरे तर फारच काळजीपूर्वक वाचावी लागतात. 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. ही अक्षरे थोरल्या भावाच्या नावापुढे दिसली की धाकटे भाऊ त्या कागदावर नसले तरी घरात होते, कदाचित त्याच रानात राबत होते, असे समजावे. 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता. या तीन अक्षरांचा अर्थ असा की बाप वारला तेव्हा मुलगा अजाण होता आणि त्याच्या वतीने दुसऱ्या कोणाचे तरी नाव लागले. हे नाव पुष्कळदा आईचे असते, आणि त्या बाईचे नाव ज्यावर आले आहे असा तो एकुलता एक सरकारी कागद असू शकतो. घरात आजोबा हट्टी आणि कंजूष म्हणून प्रसिद्ध असले आणि त्यांच्या नावापुढे वयाच्या आठव्या-नवव्या वर्षी 'अ.पा.क.' लागलेले निघाले, तर त्या कंजूषपणाकडे पाहण्याची नजर बदलते.

'इतर हक्क' या रकान्यातही बरेच काही दडलेले असते. बहिणींची नावे, सोसायटीचा बोजा, दुष्काळात बियाणे, बैल किंवा विहीर यांसाठी सरकारने दिलेली तगाई, असे सगळे तिथे जमा होते, आणि तगाईच्या नोंदींवरून गावावर आलेल्या वाईट वर्षांचा माग काढता येतो. शिवाय हस्तलिखित उताऱ्यावर जुनी नोंद तलाठी पुसून टाकत नसे. तिला कंस करत असे. त्यामुळे मेलेला खातेदार कंसात का होईना, वाचता येतो. आजच्या संगणकीकृत उताऱ्यावर जुनी नावे सगळी येतीलच असे नाही, म्हणून वंशावळीचे काम करणाऱ्याने तहसील कचेरीतल्या अभिलेख कक्षातून जुन्या हाताने लिहिलेल्या उताऱ्यांच्याच नकला मागवाव्यात.

एकच नोंद दोन घरांत कशी निरनिराळी जगते याचे ठळक उदाहरण कुळकायद्याचे आहे. १९४८ च्या कायद्यात पुढे झालेल्या दुरुस्तीनुसार १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि त्या दिवशी जमीन कसणारे कूळ तिचे मालक मानले गेले. त्यानंतर कलम ३२-ग खाली चौकशी होऊन किंमत ठरायची आणि ती भरली की ३२-म चे प्रमाणपत्र मिळायचे. कुळाच्या घरात ही हकिगत 'आजोबांनी जमीन घेतली' अशी सांगतात. मूळ मालकाच्या घरात, बहुतेक वेळा शहरातल्या दोन खोल्यांत, तीच हकिगत 'आजोबांची जमीन गेली' अशी सांगतात. फेरफाराचा क्रमांक दोन्हीकडे एकच. कोणत्याही एका घराच्या नातवाने दुसऱ्या घरी जाऊन चहा घेतला आणि तिथली हकिगतही उतरवून घेतली, तर त्याच्या हाती येणारे चरित्र घराण्याच्या गौरवग्रंथापेक्षा निश्चितच वरच्या दर्जाचे ठरेल. असे सहसा कोणी करत नाही.

सरकारी दप्तराच्या आधीपासून चालत आलेली नोंद तीर्थोपाध्यायांची आहे. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पैठण, काशी, गया या ठिकाणच्या उपाध्यायांकडे यजमानांच्या नामावळीच्या वह्या असतात, त्या आडनाव आणि मूळ गाव यांवरून उघडतात, आणि अस्थिविसर्जनाला किंवा सिंहस्थाला आलेला माणूस आपले, वडिलांचे, भावांचे, मुलांचे नाव लिहून खाली सही करतो. आजोबांचे हस्ताक्षर दुसरीकडे कुठेही उरलेले नसताना ते अशा वहीत मिळाल्याची उदाहरणे अनेक कुटुंबांत सांगतात. कोल्हापूर, सांगली, सोलापूर या पट्ट्यात आणि लगतच्या कर्नाटकात हेच काम हेळवी करतात. सुगी झाली की ते आपल्या ठरलेल्या घरी येतात, त्या घराच्या पिढ्या म्हणून दाखवतात, नव्या जन्मांची भर घालतात आणि धान्य घेऊन पुढच्या गावी जातात. श्राद्धविधीने मात्र स्मरणाला स्वतःची मर्यादा घातलेली आहे. वडील, आजोबा, पणजोबा आणि त्याच क्रमाने आई, आजी, पणजी एवढ्यांचेच नामोच्चार त्यात होतात. महालयात आईच्या माहेरच्या तीन पिढ्याही येतात. पणजोबांच्या मागचे पूर्वज नावानिशी कोणी आठवावेत अशी परंपरेचीही अपेक्षा दिसत नाही, आणि हेळव्याच्या तोंडी असलेल्या दहा-बारा पिढ्यांकडे पाहताना हे ध्यानात ठेवलेले बरे.

जुनी दप्तरे वाचायची तर मोडी लिपीपाशी अडते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत व्यवहारात असलेल्या या लिपीत आधी ओळ आखून घेत आणि मग तिला अक्षरे टांगत, शब्दांमध्ये जागा सोडत नसत आणि ह्रस्व-दीर्घाचा भेद पाळत नसत. कालगणनाही शक, फसली, शुहूर अशा अनेक पद्धतींनी होई. शकात अठ्ठ्याहत्तर मिळवले की इसवी सन साधारण येतो, फसलीत दख्खनच्या हिशेबाने पाचशे नव्वद मिळवावे लागतात, आणि हा फरक ध्यानात न घेतल्यामुळे घराणे काही शतके जुने झाल्याचा आनंद कित्येकांनी लुटलेला आहे. २०२३ साली कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली तेव्हा मोडी वाचकांना एकाएकी मागणी आली. त्या निमित्ताने ज्यांनी कधी पणजोबांचे नावही विचारले नव्हते ते जन्ममृत्यूच्या नोंदवह्या चाळू लागले. हेतू कुणबी दाखल्याचा असला म्हणून शोध हलका ठरत नाही. फक्त दाखल्यापुरती एक ओळ मिळताच तो थांबतो, एवढेच.

जमीन नव्हती किंवा जमिनीवर भागले नाही अशा आजोबांचे काय, हा प्रश्न या सगळ्या विवेचनात सर्वांत अवघड आहे. कोकणातून किंवा घाटावरून मुंबईच्या गिरणीत आलेला माणूस गावच्या उताऱ्यावर शेतकरीच राहिला आणि गिरणीच्या मस्टरवर तिकीट क्रमांक झाला. या दोन कागदांची एकमेकांशी कधी गाठ पडली नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार होते, आणि त्यानंतर गिरण्यांबरोबर त्यांची मस्टरेही पांगली. पुढे गिरणी कामगारांना आणि त्यांच्या वारसांना घरे देण्याची योजना आली तेव्हा आजोबांचे ई.एस.आय. कार्ड आणि प्रॉव्हिडंट फंडाची पावती यांना अचानक मोल आले, म्हणून ती बऱ्याच घरांत आज जपलेली दिसतात. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावच्या मौखिक इतिहासाचे जे पुस्तक सिद्ध केले ते मस्टरात न येणाऱ्या आयुष्याचे आहे, आणि कुटुंबापुरते काम करणाऱ्यानेही ते नजरेखालून घालावे. याहून कठोर गोष्ट १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली आलेल्या जमातींची. त्यांच्या आजोबांची नोंद सरकारने मन लावून ठेवली, पण ती हजेरीची आणि अंगठ्याच्या ठशांची. या जमातींना जिथे ठेवत ती सोलापूरची तारेच्या कुंपणातली वसाहत १९५२ साली मोकळी झाली. त्या माणसांची वंशावळ लिहायची तर ज्यांनी त्यांना जन्मजात गुन्हेगार ठरवले त्यांच्याच कागदांवर विसंबावे लागते, किंवा ते कागद बाजूला सारून म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकावे लागते.

तोंडून ऐकलेल्या हकिगतीत साल विचारून फारसा उपयोग होत नाही. त्या पिढीतल्या पुष्कळांची जन्मतारीख १ जून असते, कारण शाळेत नाव घालताना मास्तरांनी वयाचा अंदाज घेऊन ती लिहून टाकलेली असते. शाळेच्या दाखल्यावरची तारीख ही जन्माची नसून मास्तरांच्या सोयीची आहे हे आधीच मान्य केलेले बरे. लोकांचे खरे पंचांग घटनांचे असते. पुण्याजवळचे पानशेत धरण फुटले ते १९६१, कोयनेचा भूकंप १९६७, आणि बहात्तरच्या दुष्काळाला तर साल त्याच्या नावातच मिळालेले. 'भूकंप झाला तेव्हा तुमचा बाप रांगत होता' हे आजीचे वाक्य दाखल्यापेक्षा भरवशाचे धरायला हरकत नाही. तरीही आठवण चुकते, आणि कधी कधी तिची चूक अर्थपूर्ण असते. इटलीतील अभ्यासक अलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी तेर्नी या पोलादनगरीतल्या एका कामगाराच्या मृत्यूचा अभ्यास केला; तो १९४९ साली एका निदर्शनात पोलिसांकडून मारला गेला, पण अनेक कामगारांनी त्याचा मृत्यू १९५३ च्या मोठ्या कामगारकपातीच्या वेळचा म्हणून सांगितला. पोर्तेल्लींनी ही चूक दुरुस्त करून सोडून दिली नाही, ती का झाली असावी हे विचारले. मराठी कुटुंबातही आजोबांनी गाव सोडल्याचे साल दुष्काळाच्या सालाला चिकटवलेले आढळते, आणि फेरफार पाहावा तर ते वाटणीच्या दुसऱ्याच वर्षी निघून गेलेले असतात. दुष्काळाने घर सोडायला लावले हे सांगता येते, भावाने लावले हे सांगता येत नाही.

अशी हकिगत काढून घेण्याला कसब लागते. 'तुमच्या आयुष्याबद्दल सांगा' असे म्हटले की म्हातारा माणूस गप्प होतो किंवा भाषण देतो. खोलीत किती जण झोपायचे, कोण दाराशी आणि कोण मोरीपाशी, पगार झाल्यावर पहिली उधारी कोणाची चुकवायची, असे विचारले की तो हातांनी जागा दाखवू लागतो. आजोबांसमोर आजी एक सांगते आणि आजोबा देवळात गेल्यावर दुसरे सांगते, म्हणून ध्वनिमुद्रणाच्या टिपणात त्या वेळी खोलीत कोण होते हे लिहिणे तारखेइतकेच गरजेचे असते. कागदांमध्ये मनीऑर्डरची कुपने आवर्जून शोधावीत. पैसे घेणाऱ्याला फॉर्मचा तळचा तुकडा मिळायचा आणि त्यावर निरोपासाठी बोटभर जागा असायची. तेवढ्या जागेत शेणवाल्याचे पैसे, गाभण म्हैस, मुलाची फी आणि पावसाची चौकशी दाटीवाटीने बसवलेली असते. कुपने तारखेप्रमाणे लावली की पाठवलेली रक्कम कुठे घटली आणि कुठे बंद पडली हे दिसते. अशा कागदांना लॅमिनेशन करू नये, त्याने कागद कायमचा अडकतो आणि बिघडतो. फोटोच्या मागे बॉलपेनने लिहू नये, मऊ पेन्सिल वापरावी.

छापील कुलवृत्तांतांची उणीव इथे बोलून दाखवणे भाग आहे. गोत्र, मूळ गाव आणि शाखांचे तक्ते देणाऱ्या या ग्रंथांनी मोठे काम केले यात शंका नाही, पण त्यांच्यातली लेक लग्नापाशी संपते आणि सून नवऱ्याच्या नावामागून येते. लग्नात नाव बदलण्याची चाल असल्यामुळे आजीला दोन नावे असतात. माहेरचे नाव ठाऊक नसेल तर तिच्या गावच्या शाळेत किंवा इतर हक्कांच्या रकान्यात तिला शोधताच येत नाही. आजोबांचे चरित्र लिहिणाऱ्याने आजीचे माहेर गाठणे म्हणूनच उपचारापुरते नसावे. जावई कसा होता हे सासुरवाडीच्या लोकांना घरच्यांपेक्षा अधिक स्पष्ट आठवते, आणि ते लपवण्याचे त्यांना काही कारणही नसते.

दत्तकविधान, दुसरे घर, दारूत गेलेली वर्षे, बदललेले आडनाव, अशा गोष्टी केव्हा ना केव्हा वर येतातच. त्या छापाव्यात की नाही यावर घरात वाद होतो आणि बहुधा घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या बाईचा शब्द अखेरचा ठरतो, ते ठीकच आहे. जिवंत माणसांना त्रास होईल असे काही पुस्तकात घालण्याची सक्ती कोणावर नाही. मात्र गाळलेला मजकूर फाडून टाकू नये. तो निराळ्या पाकिटात ठेवावा, आणि मुख्य वहीत त्या जागी इतकी पाने कोणाच्या सांगण्यावरून, कोणत्या तारखेला आणि किती वर्षांसाठी बाजूला काढली आहेत ते लिहून, बाजूला काढणाऱ्याने खाली सही करावी.