फाईल उघडली, मजकूर मात्र हरवला

आजचा धागा थोडा घरगुती आहे. गेल्या पावसाळ्यात मी गडचिरोली जिल्ह्यातील एका गावी ग्रामसभेची जुनी इतिवृत्ते शोधत होतो. मूळ वही वाळवीने खाल्लेली. एका काकांनी जपलेली सीडी हाती ठेवली. "दोन हजार तीनचं सारं यातच हाये, बाबू."

फाईल उघडली, तर पडद्यावर रोमन अक्षरांची आणि चिन्हांची निरर्थक रांग! तीनशे वर्षांपूर्वीची मोडी वाचायला शिकलेल्या मला वीस वर्षांपूर्वीची मराठी वाचता येईना.

याचे मूळ शोधताना मी संशोधनासाठी सॉफ्टवेअर घडवणाऱ्या आपल्या संस्थांच्या इतिहासात शिरलो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये 'टिफ्रॅक' हा संगणक कार्यान्वित झाला. तो घडवणाऱ्या रंगस्वामी नरसिंहन यांच्याच नेतृत्वाखाली पुढे त्या संस्थेत सॉफ्टवेअर विकासाचे राष्ट्रीय केंद्र उभे राहिले. यंत्राइतकेच ते चालवणारे ज्ञानही देशाचे असावे, ही दृष्टी त्या काळी विरळाच. १९८५ मध्ये या केंद्राची 'एनसीएसटी' ही स्वतंत्र संस्था झाली. २००३ मध्ये ती पुण्याच्या 'सी-डॅक'मध्ये विलीन झाली.

१९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकचे नाव निघाले की सर्वांना १९९१ चा 'परम' महासंगणक आठवतो. मला मात्र तिथलेच 'जिस्ट' अधिक मोलाचे वाटते. आयआयटी कानपूरमध्ये रुजलेल्या या तंत्राने भारतीय लिप्या संगणकावर आणल्या. त्यामागचे तत्त्व साधे होते: अक्षराचा आकार नव्हे, तर अक्षर साठवायचे. 'क' कसाही रेखाटा, त्याचा संकेतांक एकच. याच विचाराचे 'इस्की' हे मानक १९९१ मध्ये भारतीय मानक ठरले. युनिकोडमधील देवनागरीची मांडणीही इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवरूनच आलेली आहे.

मग काकांची सीडी मुकी का? विंडोजच्या काळात अनेक फॉन्टांनी अक्षराऐवजी आकार साठवले आणि प्रत्येकाने आपापले संकेतांक ठरवले. फॉन्ट गेला की मजकूर गेला. मानक होते, ते सर्वत्र पाळले जाईल, जुने लेखन त्यात आणले जाईल, हे पाहणारे हात पुरेसे नव्हते. त्या कामाचे उद्घाटन होत नाही, फीतही कापली जात नाही. ब्रिटनमध्ये २०१० साली नेमक्या याच कामासाठी, म्हणजे संशोधनाचे सॉफ्टवेअर टिकवण्यासाठी, 'सॉफ्टवेअर सस्टेनेबिलिटी इन्स्टिट्यूट' स्थापन झाली. आपल्याकडे तसा स्वतंत्र विचार फार ऐकू येत नाही.

आणि इथे प्रश्न केवळ जिज्ञासेचा नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार दावा मांडताना जुनी कागदपत्रे पुरावा ठरतात. याच जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. अशा गावांचा शब्द वाचता येणे म्हणजे काय, हे तिथे समजते.

अखेर मी स्वतःच तक्ता करायला बसलो: कोणते चिन्ह म्हणजे कोणते अक्षर. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली, रफार भलतीकडेच. तीन रात्री गेल्या. चौथ्या रात्री पहिला अखंड शब्द उमटला: 'मोहफूल'. मी काकांना फोन लावला. "वाच," ते म्हणाले. मी वाचत गेलो. अजून अकरा पाने उरली आहेत.