दोन त्रिकोणांतला माणूस

वारली चित्रातल्या माणसाला नाक नसतं, डोळे नसतात. खरं तर चेहराच नसतो. डोक्याच्या जागी गोल, धडाच्या जागी टोकाला टोक भिडलेले दोन त्रिकोण आणि हातापायांच्या नुसत्या रेघा. माणूस याहून कमी खुणांत काढणं अवघडच. त्यामुळेच हे काम सोपं आहे असा समज पसरला. कुर्ते, कप, सोसायट्यांच्या कुंपणभिंती, सगळीकडे त्रिकोण जोडले की झाली वारली!

डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांची मासेमारीची चित्रं मात्र जवळून बघावीत. माणसं तीच, त्रिकोणांची. पण जाळं? त्याचं घर न् घर विणल्यासारखं काढलेलं. चेहऱ्याला एक ठिपकाही न देणारा हा चित्रकार जाळ्यासाठी इतकी मेहनत घेतो. इथे वास्तव टाळलेलं नाही. कुठलं वास्तव घ्यायचं, हे ठरवलेलं आहे.

आणखी एक गोष्ट हातात ब्रश धरल्याशिवाय लक्षात येत नाही. दोन त्रिकोण भिडतात ती माणसाची कंबर. वरचा त्रिकोण किती कलतो यावर सगळं चित्र उभं असतं. थोडा कलला तर माणूस चालतो, बराच वाकला तर भात लावतो, मागे झुकला तर काहीतरी ओढतो. नक्कल करणारा हा कोनच विसरतो. त्याची माणसं डमरू उभे करून ठेवावेत तशी ताठ, मग ती नाचत असोत की लाकडं फोडत असोत.

मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत (स्थापना १८५७) प्लास्टरच्या पुतळ्यांवरून छायाप्रकाश गिरवत जी नजर घडली, तिला आधी उजेड दिसतो, मग घडण. ती नजरही खरीच. कुडाच्या भिंतीवर मात्र छटांना वावच नव्हता. शेणमातीचं सारवण, वर गेरू, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग आणि टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. एवढ्या सामानात सावली दाखवायची कशी? मग सगळा भार आकार आणि हालचालीवर आला. तारपानाचाच्या चित्रात मधोमध तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती वळत गेलेली नाचणाऱ्यांची साखळी असते. त्यात एखादा जरी चेहरा रंगवला असता तरी नजर तिथेच अडकली असती; आता ती साखळीबरोबर फिरत राहते.

मुळात हे काम सुवासिनींचं. लग्नाचा चौक त्या लिहीत आणि मधे पालघाट देवी बसवत. सत्तरच्या दशकात म्हसेंनी ते चौकाबाहेर, कागदावर-कापडावर आणलं. २००३ साली डसेलडॉर्फमध्ये ब्रिटिश कलावंत रिचर्ड लाँग यांच्यासोबत त्यांचं प्रदर्शन भरलं, तर २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. कागदाबरोबर बारीक ब्रश आला, रेघ आणखी सुतासारखी झाली, तपशील वाढले.

आता वारली चित्रांत रेल्वेगाड्या, सायकली, विमानंही दिसतात आणि परंपरा बिघडली म्हणून काही जाणकार नाक मुरडतात. ती तक्रार पटत नाही. घराजवळून जाणारी गाडी काढायची नाही, असा नियम वारल्यांनी का पाळावा? डब्यांना खिडक्या आहेत, चाकं आहेत. दाराशी लटकलेल्या माणसाचा वरचा त्रिकोण बरोबर बाहेरच्या बाजूला कलला आहे का, ते तपासावं.