आजोबांचे घड्याळ आणि नातवाचे घड्याळ

पहाटे साडेचारला ज्यांचे डोळे गजराशिवाय उघडतात आणि त्याच घरात पावणेसहाला दुसऱ्या कुणाला तरी उठवण्याचे काम ज्यांच्या वाट्याला आले आहे, अशा वाचकांसाठी हा लेख आहे. मी ज्या डोंबिवलीत व्यवसाय करतो, तेथे अशी घरे गल्लोगल्ली आहेत. मुलगा आणि सून सकाळच्या लोकलच्या वेळेशी झगडत असतात. डबे, पाण्याच्या बाटल्या, पास, किल्ल्या यांची धांदल चाललेली असते. आणि आतल्या खोलीत नववी-दहावीतला नातू डोक्यावरून पांघरूण ओढून निश्चल पडलेला असतो. त्याला उठवण्याची कामगिरी ओघानेच आजी-आजोबांकडे येते. आधी प्रेमाची हाक, मग पंखा बंद, मग पांघरुणाची ओढाओढ, मग कुंभकर्णाचे स्मरण, आणि अखेरीस ‘आमच्या वेळी’ या शब्दांनी सुरू होणारे भाषण. सकाळी रक्तदाब तपासायला येणाऱ्या माझ्या कित्येक ज्येष्ठ रुग्णांची तक्रार गोळ्यांपासून सुरू न होता नातवापासून सुरू होते, आणि यंत्रावरचा आकडाही त्या तक्रारीला दुजोरा देतो.

‘डॉक्टर, एवढा आळस येतो कुठून?’ हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. त्याचे उत्तर देण्यापूर्वी मी आजोबांनाच विचारतो, की तुम्ही स्वतः चाळिशीत असताना साडेचारला जागे होत होता का? बहुतेकांचे उत्तर नकारार्थी असते. मग ही सवय आली कुठून? ती कमावलेली नाही, वयाने आणून दिलेली आहे. आपल्या मेंदूत, दोन्ही डोळ्यांच्या नसा जेथे एकमेकींना छेदतात त्याच्या किंचित वर, सुमारे २०,००० पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. शरीराचे मुख्य घड्याळ ते हेच. सकाळचा उजेड डोळ्यांवाटे तेथे पोहोचला, की ते घड्याळ लावले जाते. अंधार पडला, की काही वेळाने त्याच्या सूचनेवरून मेलाटोनिन नावाचे संप्रेरक रक्तात उतरू लागते आणि शरीराला रात्र झाल्याची वर्दी मिळते. हे घड्याळ पेशींच्या आत नेमके कसे चालते, याचा उलगडा फळमाशीवर प्रयोग करून करणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या तीन शास्त्रज्ञांना २०१७ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

हे घड्याळ जन्मभर एकाच गतीने चालत नाही. वय वाढते तसे ते पुढे सरकते. म्हणून साठी-सत्तरीत रात्री नऊलाच जांभया सुरू होतात आणि पहाटे झोप उडते. पौगंडावस्थेत नेमके उलट घडते. वयात येऊ लागलेल्या मुलामुलींमध्ये मेलाटोनिन उशिरा स्रवू लागते आणि दिवसभराच्या जागरणाने डोळ्यांवर येणारी झापडही लहान मुलांच्या तुलनेत सावकाश येते. दहा वर्षांचा असताना साडेनऊला पेंगणारा मुलगा पंधराव्या वर्षी अकरापर्यंत टक्क जागा राहतो, यात त्याचा दोष कमी आणि शरीराचा कारभार अधिक आहे. मोबाइल त्यात भर घालतो हे खरे; परंतु मोबाइल नसता तर हा मुलगा आजोबांबरोबर नऊला निजला असता, असे समजण्याचे कारण नाही. एकाच घरात, एकाच छपराखाली, दोन माणसांची घड्याळे तीन-चार तासांच्या अंतराने चालत असतात, आणि ज्याचे घड्याळ सर्वांत पुढे आहे त्याच्यावरच ज्याचे सर्वांत मागे आहे त्याला उठवण्याची जबाबदारी येऊन पडते!

आता थोडा हिशेब करू. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना चोवीस तासांत ८ ते १० तास झोप लागते, असे निद्रातज्ज्ञांचे मत आहे. दहावीतल्या मुलाची संध्याकाळ पाहा. शिकवणी सुटते नऊला, जेवण होते साडेनऊ-दहाला, मग शाळेचा गृहपाठ, आणि शिकवणीच्या सरांनी मोबाइलवर पाठवलेल्या टिपणांची उतरवून घेणी. (‘मोबाइल काढून घ्या’ हा सल्ला देणे त्यामुळेच तितकेसे सोपे राहिलेले नाही.) दिवा मालवतो साडेबाराला. शाळा सातची, बस सव्वासहाची, म्हणून हाक पावणेसहाला. म्हणजे झोप झाली सव्वापाच तास. आठ तासांच्या किमान गरजेशी तुलना केली, तर सहा दिवसांत साडेसोळा तासांची तूट जमा होते, आणि रविवारी हा मुलगा अकरापर्यंत लोळतो तेव्हा तो त्या कर्जाचा पहिला हप्ता फेडत असतो.

जानेवारीत तर पंचाईत आणखी वाढते. आपली प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशाची आहे. आपण त्याच्या बरेच पश्चिमेला असल्याने मुंबई परिसरातला सूर्य घड्याळाच्या मानाने सुमारे ३८ मिनिटे मागे असतो. थंडीत तो सव्वासातच्या सुमारास उगवतो. सातची शाळा तेव्हा अक्षरशः सूर्योदयापूर्वी भरते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ साली माध्यमिक शाळा साडेआठपूर्वी भरवू नयेत अशी शिफारस केली आणि कॅलिफोर्नियात तेथील वरच्या वर्गांसाठी तसा कायदा २०२२ पासून लागूही झाला. महाराष्ट्र शासनानेही फेब्रुवारी २०२४ मध्ये शाळा सकाळी नऊनंतर भरवण्याचा निर्णय घेतला, पण तो पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतच्या वर्गांपुरता. लहानग्यांची झोप महत्त्वाची आहेच. तथापि सकाळी ज्यांना सर्वांत जड जाते ती मुले आठवी ते बारावीतली, आणि दोन अधिवेशनांत चालणाऱ्या शहरी शाळांत सकाळचे अधिवेशन बहुधा त्यांच्याच वाट्याला येते. याविषयी पालकसभेत बोलायला हवे, असे माझे स्पष्ट मत आहे.

ब्राह्ममुहूर्ताचा दाखला मला अनेकदा दिला जातो. वाग्भटाने पहाटे उठण्याचा उपदेश केला आहे हे खरेच. परंतु तो ‘स्वस्थ’ माणसाला केलेला आहे, आणि तो केला गेला तेव्हा दिवेलागणीनंतर दोन-तीन तासांत घर निजत असे. लवकर निजण्या-उठण्याची जी म्हण आपण मुलांना ऐकवतो, तिचा केवळ उत्तरार्ध आपण वापरतो. पूर्वार्ध साऱ्या घराने मिळून पाळावा लागतो, आणि तेथे आजी-आजोबांना करता येण्याजोगे पुष्कळ आहे.

‘अभ्यासाला बसलाय पोर’ म्हणून रात्री दहाला मायेने नेऊन दिलेला कॉफीचा कप आधी बंद करा. कॅफीनचे रक्तातले प्रमाण निम्म्यावर यायलाच साधारण पाच तास लागतात. दहाची कॉफी मध्यरात्री तीनपर्यंत अर्धीमुर्धी जागी असते. त्याऐवजी दूध द्या, किंवा काहीच देऊ नका. रात्री साडेदहानंतर दिवाणखान्यातले मोठे दिवे आणि दूरदर्शन संच बंद होऊ द्या. मोबाइल चार्ज करण्याची जागा सर्वांसाठी एकच, बाहेरच्या खोलीत असावी. सर्वांसाठी म्हणजे आपल्यासाठीसुद्धा; पहाटे पाचला सुविचार पाठवणाऱ्या आजोबांनी नातवाला मोबाइलवरून बोलावे हे त्याला पटत नाही, आणि त्याचे फारसे चुकत नाही.

सकाळचे तंत्र निराळे. गाढ झोपेतून उठवलेल्या माणसाचा मेंदू एकदम जागा होत नाही. विचार करणारा, संयम राखणारा भाग पंधरा मिनिटे ते अर्धा तास मागे रेंगाळतो. त्या अवधीत विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळते ते गुरगुरण्याचे, आणि घरातली निम्मी भांडणे याच अर्ध्या तासात होतात. म्हणून त्या वेळी प्रश्न नको, उपदेश नको, कालच्या चाचणीच्या गुणांचा विषय तर मुळीच नको. उठवायच्या आधी दहा मिनिटे पडदे सरकवा. बाहेर अंधार असेल तर खोलीतला दिवा लावा. खांद्यावर किंवा पावलावर हात ठेवून नावाने एकदा हाक मारा. गजर उशाशी न ठेवता खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. तोंडावर पाणी शिंपडण्याचा उपाय विनोदी कथेत शोभतो. घरात त्याने दिवसाचा आरंभ अपमानाने होतो. उठल्यावर मुलगा पंधरा-वीस मिनिटे उजेडात राहील असे पाहा. नातवाबरोबर बसच्या थांब्यापर्यंत चालत जाणारे आजोबा नकळत त्याचे घड्याळ थोडे पुढे ढकलत असतात, आणि त्यांचाही फेरफटका होतो.

रविवारी त्याला झोपू द्या, पण नेहमीपेक्षा फार तर दोन तास अधिक. दुपारपर्यंत झोपलेल्या मुलाला रविवारी रात्री झोप येत नाही आणि सोमवार परदेशातून परतलेल्या प्रवाशासारखा उगवतो. शाळेतून आल्यावर वीस-तीस मिनिटांची डुलकी चालेल, मात्र चारच्या आत. जूनच्या मध्याला शाळा उघडण्यापूर्वी दहा-बारा दिवस निजण्या-उठण्याची वेळ दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटांनी अलीकडे आणत गेलात, तर पहिल्या दिवशीचा आकांत टळतो.

एका गोष्टीची मात्र कडक ताकीद देतो. स्वतःला झोपेसाठी लिहून दिलेली गोळी, अर्धीसुद्धा, नातवाला देऊ नका. ‘परीक्षेचे टेन्शन होते, झोपत नव्हता’ म्हणून असे घडल्याचे मी एकाहून अधिक घरांत पाहिले आहे. या गोळ्यांची सवय लागते आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ अधिकच बधिर होते. दुकानात मिळणाऱ्या मेलाटोनिनच्या गोळ्याही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.

येथवर जे सांगितले ते निरोगी मुलांविषयी. परंतु न उठणारे प्रत्येक मूल केवळ घड्याळामुळे उठत नसते, आणि हा भेद ओळखण्याचे काम दिवसभर घरी असणारी माणसे जितके चांगले करतात तितके दुसरे कुणी करू शकत नाही. रात्री मोठ्याने घोरणारे, तोंड उघडे टाकून झोपणारे, मध्येच श्वास अडखळणारे मूल दहा तास झोपूनही थकलेलेच उठते. टॉन्सिल, अॅडिनॉइड किंवा वाढलेले वजन तेथे कारण असू शकते. मुलींच्या बाबतीत रक्तक्षय आधी आठवावा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातील १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी सुमारे ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. एका नातीला तिची आजी ‘आळशी झाली आहे, दोन चार शब्द सुनवा’ म्हणून घेऊन आली होती. मुलगी पांढरीफटक होती, दोन जिने चढून धापा टाकत होती, पाळीत रक्तस्राव फार होत असे आणि पाटीची पेन्सिल खाण्याची सवय लागली होती. हिमोग्लोबिन १२ हवे तेथे ७ निघाले. सुनवायचे काहीच नव्हते. लोहाच्या गोळ्या होत्या आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवायचे होते. थायरॉइडची तपासणीही अशा वेळी करावी.

आणि दुसरी एक आजी. ओळख पटू नये एवढे तपशील बदलून सांगतो. नातू बारावीला. त्या एकट्याच आल्या आणि म्हणाल्या, ‘डॉक्टर, कॉलेजला उठत नाही ते आम्ही समजू शकतो. पण गेले तीन आठवडे रविवारी क्रिकेटलाही उठत नाही.’ घरातल्या इतरांना हा अभ्यासाचा कंटाळा वाटत होता. आजींनी मात्र आणखी टिपले होते : ताट अर्धे परत येते, मित्राचा फोन आला तरी घेत नाही, आणि रात्री तीनला त्या उठतात तेव्हा त्याच्या खोलीत दिवा नसतो पण तो जागा असतो. दुसऱ्या दिवशी मुलगा आला. घरच्यांना बाहेर बसवून मी त्याच्याशी बोललो. बराच वेळ गेल्यावर तो म्हणाला, ‘उठून करायचं काय?’ मग मी त्याला सरळ विचारले, की जीव द्यावा असे मनात येते का. असे विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. विचारले की मुले बहुधा सुटल्यासारखी बोलू लागतात. त्याच्या मनात ते येत होते. त्याच दिवशी त्याला मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवले. उपचार कित्येक महिने चालले, परीक्षा एक वर्ष पुढे गेली. आता तो शिकतो आहे.

पौगंडावस्थेतील नैराश्य रडण्यातून दिसेलच असे नाही. ते चिडचिडीतून, एकटेपणातून, आवडीच्या गोष्टी सुटण्यातून आणि सकाळी न उठण्यातून दिसते. शाळेच्या दिवशी उठत नाही पण सहलीच्या दिवशी टुणकन उठतो, त्या मुलाची चिंता कमी करा. दोन आठवड्यांहून अधिक काळ जो कशासाठीच उठत नाही, त्याला आळशी म्हणण्यापूर्वी डॉक्टरांकडे आणा. मरणाची भाषा बोलत असेल, तर दोन आठवडेही थांबू नका. त्याला एकटे ठेवू नका. केंद्र शासनाच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी निःशुल्क बोलता येते, मराठीतही.

तातडी नसेल, तर येण्यापूर्वी एक साधी वही करा. डाव्या पानावर नातवाची निजण्याची आणि उठण्याची वेळ, उजव्या पानावर आपली स्वतःची, दोन आठवडे रोज. चहा-कॉफी किती वाजता झाली तेही लिहा. अंदाजे वेळ चालेल, जाब विचारण्यासाठी ती वही वापरू नका एवढेच. मग दोघे मिळून या, आणि पहिली दहा मिनिटे त्याला माझ्याशी एकट्याला बोलू देण्यासाठी बाहेरच्या बाकावर बसण्याची तयारी ठेवा.